समोर बसतो तो सातारकर

ते तिघे धापा टाकत जिना चढून वर आले, तेव्हा खाली लोंढे बंधूंच्या ब्रास बँडची तालीम चालली होती आणि वरातीच्या गाण्यातली एकच ओळ ते चौथ्यांदा चुकत होते.

"टिपणीस साहेब आहेत का?" तिघांतल्या जाड्या गृहस्थांनी विचारलं.

"मीच टिपणीस. बसा."

तिघांनी मागे वळून दारावरची पाटी पुन्हा वाचली. 'इं. स. टिपणीस, खाजगी गुप्तहेर.' इंदुमती असं पूर्ण नाव मी मुद्दाम घातलं नव्हतं. पहिल्या पाटीवर घातलं होतं, तेव्हा महिनाभर बायका ब्लाउज शिवून मिळेल का, म्हणून विचारायला येत होत्या.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि गिरगावात धंदा थाटून तीन वर्षं झाली होती. धंद्याला शोभावा म्हणून चोरबाजारातून एक ओव्हरकोटही आणला होता. तो एकदाच घातला आणि पुढे पंधरा दिवस पाठीला घामोळ्यांची पावडर लावत बसले. या शहरात अंधारे बोळ असतील, धुरातून बोलणारे गुन्हेगार असतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्याकडे येत ते मुलींचे बाप. मुलगा पितो का, आधीचं काही प्रकरण आहे का आणि घराण्यात टक्कल आहे का, एवढंच त्यांना हवं असे. एखादा हरवलेला माणूस शोधायला मिळावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

"आमचा माणूस हरवलाय," जाडे गृहस्थ म्हणाले.

मी नवी कोरी वही उघडली.

जाडे होते ते मणेरीकर. छापखान्यातून निवृत्त झालेले, पण यंत्रांच्या वरताण बोलायची सवय काही सुटली नव्हती. शेजारचे काटकुळे ते कीर, पूर्वी ट्रामचे कंडक्टर. आणि खिशाला दोन पेन्सिली लावून गप्प बसलेले पितळे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. कोपऱ्यावरच्या वज्रदेही व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत हे तिघे आणि चौथे सातारकर रोज दुपारी तीन ते सहा मेंढीकोट खेळत. चौघांपैकी एकानेही उभ्या जन्मात जोर काढला नव्हता. मल्लखांबाचा उपयोग ते छत्र्या टांगायला करत.

"किती वर्षं खेळताय?"

"एकोणीस," कीर म्हणाले.

"सातारकरांचं पूर्ण नाव?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"राहतात कुठे?"

"चर्नी रोडच्या अंगाने येतो," कीर म्हणाले. "जाताना उलटा जातो, भाजी घेऊन."

"घरी कोण कोण आहे?"

"बाई, पत्ते खेळताना घरचं कोण काढतं?" मणेरीकर गरजले. "घरचं विसरायलाच तर तिथे जातो माणूस."

"एकोणीस वर्षांत काहीच कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं नाही कसं? दश्शी हातात आली की तो ते पान उजव्या कडेला सरकवतो. हरायला लागला की डावा पाय हलवतो."

"आणि हल्ली खोकायचा फार," कीर म्हणाले. "होळीपासून तर..."

मणेरीकरांनी त्यांना कोपराने ढोसलं आणि कीर गप्प झाले. मी वहीत लिहिलं: खोकला. क्षय? दवाखाने बघणे.

ज्यांनी हा खेळ खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मेंढीकोटाला चार जण लागतात. समोरासमोर बसतात ते एकमेकांचे भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या ज्यांनी जास्त पकडल्या ते जिंकले. हुकमाचं पान सगळ्यांना मारतं, म्हणून या डावाला हुकूम कोणता, ते शेवटपर्यंत ध्यानात ठेवावं लागतं. आणि भिडूने भिडूला खुणा करायच्या नाहीत. केल्या तर ती चोरी.

"तो माझा भिडू आहे, बाई," पितळे मास्तर पहिल्यांदाच बोलले. "दसऱ्यानंतर आलाच नाही. दहा दिवस झाले."

"मास्तर रोज तीन वाजता चौघांची पानं वाटून बसतात," मणेरीकर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज बराच खाली आला होता. "आम्ही दोघं बघत बसतो. सहाला ते पानं गोळा करतात आणि घरी जातात. जेवतसुद्धा नाहीत धड. असंच चाललं तर हा माणूस अंथरूण धरील. त्याला शोधाच तुम्ही."

उठताना मास्तरांनी खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. "वर्णन आहे. उपयोगी पडेल. पण काम झालं की परत द्या."

अक्षर मोत्यासारखं होतं. 'उंच. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ. पान टाकण्याआधी अंगठा ओठाला लावतो. समोर बसतो तो सातारकर.'

शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं. शहरभर शोधायचा माणूस समोर येऊन बसला असता तर मला कशाला बोलावलं असतं?

दुसऱ्या दिवशी टेलिफोनची डिरेक्टरी उघडली. मुंबईत अकरा सातारकर होते. त्या अकरांच्या घरी मी जाऊन आले. एका सातारकरांना मी सोयरिकीची चौकशी करायला आले असं वाटलं आणि त्यांनी शेजारच्या स्थळाची अशी काही बदनामी केली की मी ती पुढे दुसऱ्या कामात वापरली. दुसऱ्या घरी माझी कुंडली मागितली. तिळाचा कान कुठेही निघाला नाही. दवाखाने पालथे घातले, खोकणारे पुष्कळ भेटले, हे नव्हते. शेवटी हात टेकले आणि व्यायामशाळेच्या खिडकीशी गेले. खिडकीशीच, कारण आत मारुतीरायाची तसबीर होती आणि दारावर 'स्त्रियांना प्रवेश नाही' असं ऑइलपेंटने लिहिलं होतं.

"त्यांचं नाव सातारकर आहे, हे तुम्हाला सांगितलं कोणी?" मी गजांतून विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" मणेरीकर म्हणाले. "पहिल्या दिवशी आला तो साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन. मी म्हटलं, या सातारकर. तो बसला."

"म्हणजे ते स्वतः म्हणाले नाहीत?"

"नाही, म्हणाला नाही. पण नाकारलंही नाही."

एकोणीस वर्षं एका माणसाने पेढ्याच्या पुड्यावरून पडलेलं नाव वापरलं होतं आणि मी त्यापायी एक अख्खा आठवडा घालवला होता. मी खिडकीचे गज घट्ट धरून दहा आकडे मोजले.

त्याच संध्याकाळी मास्तरांचा कागद पुन्हा काढला आणि मला एक गोष्ट दिसली, जी पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. उजव्या कोपऱ्यात, शाळेत फळ्यावर घालतात तशी, बारीक अक्षरात तारीख घातली होती. ४ मार्च १९८७.

माणूस हरवला ऑक्टोबरात. त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं मार्चमध्ये.

तुम्ही गुप्तहेर असता तर तुमचंही तेच झालं असतं. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. मास्तरांचं पाणी फार खोल होतं. भिडूचा काटा काढायचा, मग आपणच रडत गुप्तहेराकडे जायचं! मी मनातल्या मनात वर्तमानपत्रातला मथळाही जुळवून टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या मागावर निघाले.

मास्तर राहत ठाकुरद्वारला. तिथून व्यायामशाळा सात मिनिटांवर. मास्तरांना त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. ते एका गल्लीत शिरले, टोकापर्यंत गेले आणि मागे फिरले. एका कापडाच्या दुकानाच्या काचेसमोर बराच वेळ उभे राहिले. मग एका परक्या चाळीचा जिना चढले आणि दोन मिनिटांत उतरले. माझा पाठलाग चुकवण्यासाठी जे जे करायला हवं, ते सगळं हा अडुसष्ट वर्षांचा चित्रकलेचा शिक्षक बिनचूक करत होता. कसलेला माणूस, मी म्हटलं, आपल्याला जड जाणार.

आणि मग त्यांनी कळसच केला. गर्रकन वळले, सरळ माझ्याकडे आले आणि हसून, अगदी अदबीने म्हणाले, "बाई, वज्रदेही व्यायामशाळा कुठे आली हो?"

मला ओळखून, भर रस्त्यात, माझी टर उडवली! माझे कान तापले. मी मुकाट्याने हात करून रस्ता दाखवला. ते "आभारी आहे" म्हणाले आणि निघून गेले.

पण पुरावा तर हवा होता, आणि त्यासाठी सातारकर हवे होते, जिवंत किंवा कसेही. मी विचार केला, जिवंत असेल तर एकोणीस वर्षं पत्ते खेळलेला माणूस पत्त्यांपासून किती दिवस लांब राहील? म्हणून बागा, देवळांचे ओटे, पुलाखालचे कठडे, जिथे जिथे दुपारी म्हातारे पत्ते कुटतात तिथे तिथे फिरले. तेरा अड्डे झाले. चौदावा माहीमच्या एका बागेत होता. चार जण बाकावर खेळत होते आणि पाचवे उंच गृहस्थ मागे उभे राहून बघत होते. त्यांच्या हातात एकही पान नव्हतं. तरीसुद्धा समोरच्याने पान टाकायची वेळ आली की यांचा अंगठा ओठाला जाई. मी वळसा घालून डाव्या बाजूला गेले. कानावर तीळ होता.

"सातारकर?" मी म्हटलं.

ते दचकले. मग हसले. "आजगावकर. पुरुषोत्तम आजगावकर. सावंतवाडीचा. साताऱ्याला मी अजून गेलेलो नाही. ते पेढे जावयाने दिले होते. तुम्हाला मणेरीकरने पाठवलं?"

"तिघांनी. तुमच्या जिवाला धोका आहे का?"

"माझ्या?" ते इतक्या जोरात हसले की खेळणारे चौघे चिडून मागे बघू लागले. आम्ही लांबच्या बाकावर जाऊन बसलो.

"मग पळालात कशाला?"

त्यांचा डावा पाय हलायला लागला.

"त्यांना सांगा, सापडला नाही म्हणून," ते म्हणाले. "तुमच्या पाया पडतो."

"कारण सांगा, मग बघते."

"मास्तर विसरतात, बाई." हे वाक्य त्यांना जड गेलं. "होळीच्या सुमाराला मला कळलं. हुकूम बदाम असायचा आणि मास्तर किलवर समजून खेळायचे. मग पान हातात धरून नुसते माझ्याकडे बघत बसायचे. एवढा मानी माणूस. मला बघवेना. एकोणीस वर्षांत कधी खूण केली नव्हती, ती करायला लागलो. खोकून हुकूम सांगायचो. सहा-सात महिने निभावलं. दसऱ्याला मणेरीकरने टूम काढली, आता भिडू बदलू या. तो बसला असता मास्तरांसमोर. त्याचं तोंड तुम्ही ऐकलंयत. पहिल्याच चुकीला तो ओरडला असता, मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का! म्हणून म्हटलं, आपण जायचंच नाही. चौथा नाही तर डाव नाही. डाव नाही तर मास्तरांचं कुणाला कळायचं नाही. त्यांना स्वतःलासुद्धा."

मी पर्समधून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले.

"वर तारीख आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून तारीख वाचली. मग एकेक शब्द बोटाने पुन्हा वाचला. "चार मार्च," ते म्हणाले. "म्हणजे माझ्याही आधी त्यांना ठाऊक होतं. मला विसरतील म्हणून लिहून ठेवलं?" आणि त्यांनी चष्मा काढला.

माझ्या डोळ्यांसमोर ठाकुरद्वारची ती दुपार उभी राहिली. ती गल्ली, ते दुकान, तो परका जिना. तो माणूस मला चुकवत नव्हता. तो चुकला होता, आणि घाबरलेला असतानाही त्याने अदबीने मला रस्ता विचारला होता. मी तीन वर्षं ज्या हरवलेल्या माणसाची वाट बघत होते, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी त्याच्यावर खुनाचा संशय घेत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्या बाकावरच रडले. आजगावकरांनी खिशातला रुमाल दिला.

"चला," मी नाक पुसून म्हटलं. "उद्या तीन वाजता."

दुसऱ्या दिवशी आजगावकर व्यायामशाळेच्या दारात उभे राहिले आणि मी खिडकीशी. मास्तर पानं वाटत होते. चौघांची.

"आलास?" मणेरीकर ओरडले. "कुठे उलथला होतास?"

"भिडू बदलणार नसाल तर बसतो."

"अरे गाढवा, भिडू बदलायचं मी कशासाठी म्हटलं?" मणेरीकरांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "एक खोकला बदाम, दोन खोकले किलवर, चौकट असली की नाक शिंकरायचं, आणि इस्पिकला तर खोटी शिंक! आम्हाला काय दिसत नव्हतं? तुझ्या खोकल्यावर सात महिने आम्ही मुद्दाम हरतोय. म्हटलं, हा एकटा किती दिवस खोकेल? घसा बसेल याचा. भिडू बदलू, म्हणजे एक आठवडा याने सांभाळायचं, एक आठवडा मी, एक आठवडा कीर..."

बोलता बोलता ते थांबले. मास्तर समोरच बसले होते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. कीरांनी कपाळाला हात लावला.

मास्तरांनी पानं सारखी केली.

"मला वाटत होतं, मी एकटाच लपवतोय," ते म्हणाले.

तिघांनीही माना खाली घातल्या. मारुतीराय तेवढे डोंगर उचलून हसतमुख होते.

"खोकून काय होतं रे?" मास्तर आजगावकरांकडे बघून म्हणाले. "अर्ध्या वेळेला मला तो खोकला खराच वाटायचा. मी मनात म्हणायचो, याला ज्येष्ठमध आणून द्यायला हवा. बसा आता. माझी एकच अट आहे. हुकूम दर हाताला मोठ्याने सांगायचा, सगळ्यांसमोर."

"पण सांगायचा कोणी?" कीर म्हणाले. "खेळणाऱ्यांपैकी कोणी सांगितला तर भांडणं होतील. तटस्थ माणूस पाहिजे."

चौघांचीही तोंडं खिडकीकडे वळली.

"पण बाईमाणूस," कीर चाचरत म्हणाले, "मारुतीरायासमोर..."

"त्याला विचारा, आजचा हुकूम कोणता," मास्तर म्हणाले. "सांगता आला तर बाई बाहेर राहतील."

मारुतीरायाला सांगता आला नाही. मी चपला काढून आत गेले आणि मास्तरांच्या शेजारी स्टुलावर बसले. जाताना कागद त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी तो उघडला, वाचला, समोर बघितलं. तीळ बघितला.

मला माझी हुशारी दाखवायची फार घाई झाली होती. "मास्तर," मी म्हटलं, "मी शोध लावला. यांचं खरं नाव..."

"सातारकर," ते गृहस्थ माझं वाक्य तोडून म्हणाले. "मास्तरांनी लिहिलंय ते बरोबर आहे."

मणेरीकर आणि कीर माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. "सातारकरच," मी म्हटलं. "हुकूम बदाम."

पुढे दोन वर्षं, दुपारी काम नसेल तेव्हा, मी त्या स्टुलावर बसून हुकूम सांगितला. मी नसले की तालमीतला कुणीतरी पैलवान दंड-बैठका थांबवून सांगे. मास्तरांची पहिली ओळख गेली ती माझी. रोज ते अदबीने विचारत, "आपण कोण?" आणि मी सांगे, हुकूमवाल्या बाई. मग कीरांची गेली, मग मणेरीकरांचीसुद्धा, एवढा मोठा आवाज असून. माझ्या वहीत मात्र त्या कामाची शेवटची नोंद अजून तशीच आहे: 'इसम सापडला. नाव सातारकर.' माझ्या साऱ्या वह्यांत जाणूनबुजून खोटी लिहिलेली नोंद तेवढी एकच.

त्या शेवटच्या दिवसांत मास्तर प्रत्येक हाताला थांबत. खिशातून कागद काढत, घड्यांवर फाटत आलेला, आणि ओठ हलवत वाचत. मग मान वर करून समोर नीट बघत आणि त्यांचा चेहरा उजळे.

"टाका पान, सातारकर," ते म्हणत.

आणि सावंतवाडीचे आजगावकर अंगठा ओठाला लावून पान टाकत.